डॉक्टरांचं निदान, आज्जीचं निधान

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत सकाळी दोन वर्तमानपत्रं येतात. एक मराठी, एक कन्नड. बातम्या साधारण त्याच असतात, पण शब्दांची गंमत निराळी. खेळाच्या पानावर मराठीत लिहिलेलं असतं, ‘२४ चेंडूंत ४० धावा’. तेच कन्नड पेपरात येतं, ‘२४ एसेतगळल्लि ४०’. एसेत म्हणजे सरळ अर्थानं फेक. कन्नडमध्ये गोलंदाज प्रत्येक वेळी ‘फेकतो’ आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मराठीत मात्र एखाद्याला ‘फेकी गोलंदाज’ म्हटलं की तो आरोप होतो. आणि आपला ‘गोलंदाज’ हा शब्द तरी कुठला? तो फारसीतून आलेला, तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. म्हणजे एका भाषेला त्या कृतीत हात दिसला आणि दुसरीला तोफ!

मी भाषेची प्राध्यापक. शब्दांच्या अशा गमती वर्गात सांगायची मला सवयच आहे. पण चेंडूचा वेग हातातून येतो की सगळ्या शरीरातून, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात अगदी खराखुरा होऊन उभा राहिला. आणि तो उभा राहिला सुरतेला.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन सुरतेला गेली. शहापूरच्या साड्यांना लागणारा जरीचा धागा सुरतेहून यायचा, त्या व्यापाराच्या ओळखीतून ही सोयरीक जुळली. सुरत म्हटलं की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, नाहीतर हिरे आणि कापड. पण त्या शहरात मराठी माणूस किती आहे हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, या सगळ्यात वाढलेली. घरात मराठी, गल्लीत अहिराणीचे चार शब्द, बाहेर गुजराती आणि आज्जीशी फोनवर मोडकं-तोडकं कन्नड. आमची आई मूळची धारवाडकडची. रागावली की ती कन्नडमध्ये बोलते आणि प्रेमात आली तरी कन्नडमध्येच.

भाची नववीत, वय चौदा. पोरीला वेड एकच, वेगवान गोलंदाजी. त्याला कारणही सुरतेतच घडलं. २०१९ साली तिथल्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांची टी-ट्वेंटी मालिका झाली. शेफाली वर्मा आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना तिथंच खेळली. बापाच्या खांद्यावर बसून सामना पाहणाऱ्या आमच्या भाचीच्या डोळ्यांत मात्र शेफाली भरली नाही. भरली ती समोरच्या संघातली शबनिम इस्माईल. लहानखुरी बाई, पण चेंडू असा सोडायची की बॅट यायच्या आत मागे गेलेला. पुढे मार्च २०२४ मध्ये याच शबनिमनं महिला प्रीमियर लीगमध्ये ताशी १३२.१ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला. महिला क्रिकेटमध्ये नोंदला गेलेला तो सर्वांत वेगवान चेंडू ठरला. भाचीनं तो आकडा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवला.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आईला घेऊन मी सुरतेला गेले. दुसऱ्याच दिवशी पहाटे भाचीबरोबर मैदानावर गेले. एका खाजगी प्रशिक्षण केंद्राची तीस-चाळीस मुलं तिथं सराव करत होती. तिथल्या सरांनी वेग मोजायचं यंत्र आणलं होतं. पोलीस गाड्यांचा वेग मोजतात तसलंच, चेंडूवर आदळून परतलेल्या लहरींवरून आकडा सांगणारं. प्रत्येक चेंडूनंतर आकडा मोठ्यानं वाचला जायचा. ‘ब्याऐंशी! अठ्ठ्याऐंशी! नव्वद!’ पोरं टाळ्या वाजवायची. भाचीला सांगितलेलं होतं, ‘शंभर दाखव, मग निवड चाचणीचं बघू.’ चाचणी पाच आठवड्यांवर आली होती. पोर रोज शंभर-सव्वाशे चेंडू टाकत होती, आठवड्यातून सहा दिवस.

आईनं मैदान पाहिलंच नाही. ती घरी पोरीकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी रात्री ती मला हळूच म्हणाली, ‘ही बूट घालताना डावा हात कमरेवर का ठेवते गं?’ बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘पोरीला सांगून दमलो बघ मी. जरा बस म्हटलं तर बसत नाही. म्हणते, सगळ्यांचंच दुखतंय.’ आपल्याकडच्या बायका माहेरी आल्यासारख्या मोकळ्या झाल्या की ‘दमले’चं ‘दमलो’ होतं, ते सुरतेत सतरा वर्षं राहूनही सुटलेलं नाही!

दुखत होतं ते कमरेच्या वर, डाव्या बाजूला, नेमक्या एका जागी. आणि भाची उजव्या हाताची गोलंदाज. हाडांच्या डॉक्टरांनी हे दोन मुद्दे ऐकले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. एक्स-रे स्वच्छ आला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, पण ते म्हणाले, ‘एक्स-रेमध्ये हे सुरुवातीला दिसत नाही. एमआरआय करू.’ एमआरआयमध्ये कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या बारीक कमानीत, डाव्या बाजूला, हाडाला आतून सूज दिसली. अजून तडा गेला नव्हता, पण त्याच वाटेवर होती. त्यांचं निदान झालं, ताणामुळे हाड थकलंय. तीन महिने गोलंदाजी पूर्ण बंद. एकही चेंडू नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं, ‘आई, डॉक्टरांनी निदान केलं.’ ती म्हणाली, ‘मी तरी आठ दिवस काय सांगतेय? निधान, मगळे, निधान!’ ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांना हसू येईलच. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, दमानं. ‘निधानवे प्रधान’ ही म्हण तर आपल्या घराघरांत बोलली जाते. आम्ही हसलो, पण पोर हसली नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पाच आठवड्यांवर आलेली चाचणी हातची गेली होती.

पुढचे चार दिवस त्या घरात दोन पक्ष झाले. तिच्या वडिलांना वाटत होतं, डॉक्टर जरा जास्तच घाबरवतात, पट्टा बांधून चाचणीपुरतं टाकू दे, मग घे म्हणावं विश्रांती. प्रशिक्षण केंद्रातूनही निरोप आला होता, की इतकं दुखणं सगळ्याच वेगवान गोलंदाजांना असतं. बहीण ठाम होती, पण ती ठाम होती ती भीतीनं. तिला खेळच बंद करायचा होता. ‘मुलीची जात, उद्या कमरेचं काही झालं तर?’ हे वाक्य दोनदा ऐकल्यावर मी ते थांबवलं. कमरेचं काही झालं तर मुलालाही तितकंच वाईट. या दोन्ही टोकांच्या मध्ये भाची होती. तिनं मला एकच विचारलं, ‘मावशी, हाड भरून आल्यावर वेग परत येतो का?’

याचं उत्तर भावनेच्या भरात देता येण्यासारखं नव्हतं. मग मी वाचायला बसले, डॉक्टरांना विचारलं, आमच्या कॉलेजातल्या शारीरिक शिक्षणाच्या सहकाऱ्यांना फोन केले. त्यातून जे समजलं ते साध्या भाषेत मांडते, कारण आपल्याही गावागावांत अशी पोरं मैदानावर आहेत.

पहिली गोष्ट, वेग हातातून येत नाही. म्हणजे शेवटी तो हातातून बाहेर पडतो, पण तयार होतो पायात. आपल्या एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कुणालाही हे समजेल. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की पाय जागेवर थांबतात आणि छाती-डोकं पुढे फेकलं जातं. वेगवान गोलंदाज नेमकं हेच स्वतःच्या शरीराशी करतो. धावत येतो, पुढचा पाय जमिनीवर रोवतो, गुडघा ताठ ठेवतो. पाय थांबला, पण धावण्यातला जोर थांबत नाही. तो कमरेत, तिथून छातीत, खांद्यात, आणि सगळ्यात शेवटी हातात जातो. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २० निष्णात वेगवान गोलंदाजांचा अभ्यास करून २०१३ साली जे प्रसिद्ध केलं त्याचं सार हेच आहे. जलद रन-अप, पुढचा गुडघा ताठ, कमरेपासून वरचं अंग पुढे झुकणं आणि हात जरा उशिरा येणं, या चार गोष्टींवर वेगातला बहुतेक फरक ठरतो. दंडाचे गोळे त्या यादीत नाहीत!

आपल्या शेतात पाखरं हाकायला गोफण असते. कन्नडमध्ये तिला कवणे म्हणतात. गोफणीतला दगड लांब जातो तो मनगटाच्या ताकदीनं नव्हे. दोरी मागे राहते, हात पुढे जातो आणि मग मागे राहिलेलं टोक झटक्यात पुढे येतं. माणसाचं शरीर ही अशीच एक गोफण आहे. २०१३ सालीच ‘नेचर’ या नियतकालिकात नील रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात त्यांनी दाखवलं, की फेकण्यासाठी हात मागे नेतो तेव्हा खांद्याचे स्नायुबंध रबरासारखे ताणले जातात, त्यांत शक्ती साठते आणि मग ती एकदम सुटते. ही रचना माणसाच्या पूर्वजांत सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी आली असं त्यांचं म्हणणं. चिंपांझी माणसापेक्षा कितीतरी बळकट, पण त्याला दगड वेगात फेकता येत नाही. बारा वर्षांचा सराव केलेला मुलगा त्याच्या तिप्पट वेगानं चेंडू फेकतो. म्हणजे फेकणं ही ताकदीची गोष्ट नव्हे, जोडणीची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट, ही शक्ती फुकट मिळत नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, त्यातला चेंडू फेकणारा म्हणजे पिचर. त्याचा चेंडू आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका, अंतरही आपल्या बावीस यार्डांहून थोडं कमी, साडेसाठ फूट. पिचर धावत येत नाही. दहा इंच उंच मातीच्या चबुतऱ्यावर उभा राहतो आणि एक लांब ढांग टाकून फेकतो. तरीही अरोल्डिस चॅपमननं २०१० साली ताशी १०५.१ मैल, म्हणजे सुमारे १६९ किलोमीटर वेग गाठला. आपल्या क्रिकेटमधला विक्रम शोएब अख्तरचा, २००३ च्या विश्वचषकात ताशी १६१.३ किलोमीटर. धावत न येता पिचर इतका वेग काढतो, कारण त्याला कोपर वाकवून सरळ करायची मुभा आहे. चेंडू सोडण्याच्या क्षणी त्याचा खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश या वेगानं आत वळतो. याच वेगानं वळत राहिला तर एका सेकंदात एकोणीस फेऱ्या होतील! हा सगळा ताण येतो कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरचं ते लिगामेंट तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथं बसवला. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेला त्या खेळाडूचंच नाव पडलं आहे.

क्रिकेटमध्ये कोपर असं सरळ करायची मुभा नाही. मुरलीधरनच्या वादानंतर खूप मोजमापं झाली आणि जवळजवळ सगळ्याच गोलंदाजांचं कोपर थोडंफार सरळ होतं हे कळलं, म्हणून २००५ पासून पंधरा अंशांची मर्यादा आली. म्हणजे आपला गोलंदाज कोपराची गोफण वापरू शकत नाही. मग तो वेग काढतो कुठून? पळून, आणि पाठ वाकवून. म्हणून पिचरचं दुखतं कोपर आणि आपल्या गोलंदाजाची दुखते पाठ. हे मला फार पटलं. नियमांनी एका खेळातला ताण हातातून काढून मणक्यात नेऊन ठेवला! कन्नडमधल्या ‘एसेत’ला पिचर शोभतो आणि मराठीतल्या ‘गोलंदाजा’ला आपला वेगवान गोलंदाज. खरंच सगळी तोफच हादरते.

पुढचा पाय रोवताना मोठ्या वेगवान गोलंदाजांच्या पायाखाली त्यांच्या वजनाच्या पाच-सहा पट किंवा त्याहूनही अधिक जोर येतो. भाचीचं वजन ४४ किलो. तिच्या बाबतीत चार पटच धरलं तरी पावणेदोन क्विंटल! त्याच क्षणी कंबर मागे कललेली, एका बाजूला वाकलेली आणि वळत असलेली असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या बाबतीत हे सगळं डाव्या बाजूच्या त्या बारीक कमानीवर दाबलं जातं. एकदा दाबल्यानं काही होत नाही. हाड जिवंत असतं, झालेली बारीक झीज ते स्वतः भरून काढतं. आपल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांसारखं समजा. रात्री डागडुजी करायला वेळ मिळाला तर रस्ता टिकतो. रात्रीही ट्रक चालू राहिले तर खड्डा पडणारच. चौदा वर्षांच्या मुलामुलींची हाडं तर अजून वाढत असतात. मणके पुरते घट्ट व्हायला विशीही उजाडते.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. वेग परत येतो का? त्यासाठी तिला लांब जायची गरजच नव्हती. हार्दिक पंड्याचा जन्म सुरतेजवळच्या चोर्यासीचा, १९९३ चा. तो पाच वर्षांचा असताना वडिलांनी सुरतेतला धंदा बंद केला आणि मुलांना किरण मोरे यांच्या अकादमीत घालता यावं म्हणून बडोद्याला बिऱ्हाड हलवलं. आपल्याला विशेष वाटावं असं पुढेच आहे. हार्दिक अठराव्या वर्षापर्यंत लेगस्पिन टाकायचा. त्याला वेगवान गोलंदाजीकडे वळवलं ते त्या वेळी बडोद्याचे प्रशिक्षक असलेल्या सनथ कुमार यांनी, आणि ते आपल्या कर्नाटकातले. सप्टेंबर २०१८ मध्ये दुबईला आशिया चषकाच्या सामन्यात पाठ धरून तो खाली कोसळला, स्ट्रेचरवरून बाहेर गेला. २०१९ च्या ऑक्टोबरात लंडनला पाठीची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच काळ तो गोलंदाजी अगदी बेतानं करत होता, लोक टीकाही करत होते. आणि २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक कुणी टाकलं? त्यानंच. अहमदाबादचा जसप्रीत बुमरा पाठीमुळे २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक खेळू शकला नाही, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या विश्वचषकात तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण मी भाचीला फक्त गोड बाजू सांगितली नाही. सुरतेच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे, भरूच जिल्ह्यात इखर नावाचं गाव आहे. तिथला मुनाफ पटेल. घरची गरिबी, फरशीच्या कारखान्यात दिवसाला ३५ रुपयांवर काम केलेला मुलगा. बडोद्याला किरण मोरे यांनी पाहिला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पाठवला. त्याचा वेग पाहून सचिन तेंडुलकरनं त्याला मुंबईकडून खेळवायला सांगितलं. मार्च २००६ मध्ये मोहालीला पहिल्याच कसोटीत इंग्लंडचे सात बळी! पण दुखापती पाठ सोडेनात. त्याचा तो वेग परत आला नाही. मग त्यानं काय केलं? वेगाचा नाद सोडला आणि टप्पा धरला. २०११ चा विश्वचषक आपण जिंकला तेव्हा भारताकडून झहीर आणि युवराजनंतर सर्वाधिक बळी मुनाफचेच होते, अकरा. आपल्या शेजारच्या गोव्याकडून खेळणारी शिखा पांडे तर कधीच अतिवेगवान नव्हती. पण २०२१ साली ऑस्ट्रेलियात तिनं ॲलिसा हीलीचा त्रिफळा ज्या चेंडूवर उडवला तो पाहून जाणकारांनी तोंडात बोटं घातली. वेग हे एक हत्यार आहे, एकमेव नव्हे.

हे सगळं ऐकून भाची थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं कपाटावरचा १३२.१ चा कागद काढला नाही, पण त्याच्या खाली दुसरा कागद लावला. त्यावर आकडे होते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं मुलांसाठी घालून दिलेली मर्यादा मी तिला दाखवली होती, ती तिनं उतरवून घेतली. चौदा-पंधरा वयाच्या वेगवान गोलंदाजानं एका वेळी सहा षटकं, दिवसाला बारा, आठवड्यात चारच दिवस, आणि लागोपाठ दोनच. म्हणजे दिवसाला ७२ चेंडू आणि आठवड्याला २८८. त्यासमोर तिनं स्वतःचा हिशेब मांडला, १२० गुणिले ६, सातशे वीस. वडिलांनी तो कागद वाचला. जरीचा व्यापार करणारा माणूस, धागा किती ताण सोसतो आणि कधी तुटतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनीच मैदानावर जाऊन सांगून टाकलं, पोरगी तीन महिने येणार नाही. चाचणीचा विषय पुन्हा निघाला नाही. अमेरिकेतही २०१४ पासून पिचर मुलांसाठी वयाप्रमाणे चेंडूंची मर्यादा ठरवलेली आहे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९५, आणि वर्षातून काही महिने फेकणं पूर्ण बंद. ज्या देशात या खेळावर एवढा पैसा आहे तेही पोरांना मोजून फेकू देतात.

ते तीन महिने सोपे नव्हते. पहिल्या महिन्यात ती सगळ्यांवर चिडायची. चाचणीच्या दिवशी दिवसभर जेवली नाही. तिची एक मैत्रीण निवडली गेली, तिला फोन करून अभिनंदन केलं आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडली, असं बहिणीनं सांगितलं. आपण अशा वेळी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो. पण चौदाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं मोठं असतं! आज्जी मात्र रोज संध्याकाळी फोन करायची. खेळातलं तिला काही कळत नाही. ती विचारायची, ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवलीस का. भाची म्हणायची, ‘आयतु.’ तेवढंच बोलणं. पण ते रोज व्हायचं.

ऑगस्टच्या अखेरीस दुसरा एमआरआय झाला, सूज गेलेली होती. मग पोट आणि पाठीचे व्यायाम, चालणं, पळणं, उभ्यानं चेंडू टाकणं, चार पावलांवरून टाकणं, अशा पायऱ्यांनी ती परत आली. या काळात एका फिजिओथेरपिस्टनी तिच्या गोलंदाजीचं मोबाईलवर चित्रण करून दाखवलं. पाय रोवताना तिची कंबर फलंदाजाच्या दिशेला आणि खांदे आडवे, म्हणजे अंग मधोमध पिळलं जात होतं. वेग वाढवायच्या धडपडीत ते आणखी वाढलं होतं. आता कंबर आणि खांदे एकाच दिशेला ठेवायचा सराव चालू आहे. वेगाचं यंत्र अजून तिनं लावून पाहिलेलं नाही. कुतूहल आहे, पण थांबते आहे.

आपल्या बेळगावचा रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळताना पाहिला की आपल्या गल्लीतली पोरं टेनिस बॉल घेऊन धावत सुटायची. म्हैसूरच्या जवागल श्रीनाथला पाहून एक पिढी अशीच धावली होती. त्या श्रीनाथलाही १९९७ साली खांद्यापायी वेस्ट इंडिज दौरा सोडावा लागला होता. धावू द्या त्यांना. वेगाचं वेड हे चांगलं वेड आहे, ते मोडू नये. २००८ साली अमेरिकेतल्या एका माणसानं भारतात वेगानं चेंडू फेकणारी मुलं शोधण्याची स्पर्धा घेतली. त्यातून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू त्याआधी बेसबॉल कधी खेळलेले नसतानाही त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका संघाशी करारबद्ध झाले. क्रिकेटवेड्या देशात ही स्पर्धा भालाफेकपटूंनी मारली, कारण त्यांच्या हाताला कोपरातून फेकायची सवय होती. अंगात कुठली गोफण दडलेली आहे हे कुणाला आधी कळतं?

फक्त पालकांनी एक छोटं काम करावं. पोरगं किंवा पोरगी सरावाहून आली की आपण विचारतो, ‘आज किती वेगानं टाकलास?’, ‘किती विकेट काढल्यास?’ त्याऐवजी विचारा, ‘आज किती चेंडू टाकलेस?’ आणि तो आकडा एका वहीत लिहून ठेवा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करा. कमरेच्या एकाच बाजूला, एकाच जागी दुखतंय असं पोर म्हणालं तर ‘सगळ्यांचंच दुखतं’ म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं थांबलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा. दोन रुपयांच्या पेन्सिलीनं हे काम होतं. वही मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये, आकडे तेच राहतात.